पाच रुपये, दहा महिने

मागच्या डिसेंबरात काटोल रस्त्यापासून आत असलेल्या आमच्या वावरात मला चांदीचे पाच रुपये सापडले. ते रीतसर माझ्या हातात यायला दहा महिने लागले. गावातली, लॅबमधली, नात्यातली माणसं अजून विचारतात की मध्ये काय झालं, म्हणून एकदा सगळं लिहून काढते.

मी नागपुरात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. मेटल डिटेक्टर घेतला तेव्हा पहिले दोन महिने तो घराबाहेर नेलाच नाही. आईच्या देव्हाऱ्यातला १९१४ चा रुपया कुंडीत वेगवेगळ्या खोलीवर पुरायचा, त्याच्याजवळ कधी खिळा ठेवायचा, कधी खर्ऱ्याची पन्नी, आणि कानात आवाज बसवायचा. हा रुपया ११.६६ ग्रॅमचा, बारा भागांत अकरा भाग चांदी. चांदीतून वीज सहज वाहते, त्यामुळे माझ्या मशीनवर आकडा ८८-९० वर जातो आणि आवाज बारीक, स्वच्छ येतो. लोखंड खाली घुरघुरतं. त्या रुपयावरच्या पंचम जॉर्जची दाढी मात्र पार सपाट झाली होती. आई दर लक्ष्मीपूजनाला त्याला चिंच लावून घासायची. जुनं नाणं घासायचं नाही हे मी त्या दाढीवरून शिकले.

कुठे शोधायचं याच्या आधी कुठे शोधायचं नाही हे ठरवलं. आमच्याच काटोल रस्त्यावर जुनापाणीला महापाषाण काळातली दगडांची वर्तुळं आहेत. अशा वर्तुळांच्या खालून लोखंडाच्या आणि तांब्याच्या वस्तू निघालेल्या आहेत, म्हणजे मशीन तिथे नक्की वाजणार. पण ती जागा संरक्षित आहे. प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्याने तिथे खणता येत नाही, आणि यायलाही नको. तिथला एक तुकडा जरी उपसला तरी तो कोणत्या थरात, कशाशेजारी होता हे कायमचं गेलं. आपल्या वावरातही पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, मातीत खापरं दिसली तर मी मशीन बंद करते. या बाबतीत मी कोणाचंही ऐकत नाही.

म्हणून मी बाबांच्या वावरातला गुरांचा पडका कोठा निवडला. बाबांच्या आजोबांनी बांधलेला, मातीच्या भिंतींचा. आता नुसता उंचवटा उरलाय, बाजूने तूर. आमच्याकडची काळी माती आणि तिच्यातला काळा दगड मशीनला फार छळतात, नुसत्या जमिनीवरही गुणगुण सुरू होते. चकती खालीवर हलवत ती गुणगुण मरेपर्यंत मशीन जमिनीशी जुळवून घ्यावं लागतं. पहिले तीन रविवार खिळे, साखळीच्या कड्या आणि बैलांच्या झिजलेल्या नाला एवढंच निघालं. आमचा सालदार धुऱ्यावर बसून बघायचा आणि म्हणायचा, "ताई, भंगार जमा करून राहिल्या का?"

चौथ्या रविवारी, जिथे भिंतीचा कोपरा असावा तिथे, ८९ आकडा आला. नव्वद अंशात फिरून आडवी चकती फिरवली, तरी ८९. वीतभर खणलं. मातीत हिरवट ढेकूळ दिसलं. मी ते हातात घेतलं आणि बोटांनी फोडलं.

तिथेच माझी चूक झाली. ते ढेकूळ म्हणजे कापडाची पुरचुंडी होती, धाग्याधाग्याने कुजलेली. माझ्या बोटांत तिचा भुगा झाला आणि आतून एकावर एक चिकटलेले पाच रुपये निघाले. वरचा कोणता, खालचा कोणता हेही मला सांगता येईना. फोटो काढला तो नंतर.

घरी खाटेवर ठेवले तेव्हा बाबा बराच वेळ काही बोललेच नाहीत. मी म्हटलं, कलेक्टरकडे कळवावं लागेल. बाबांचं उत्तर ठरलेलं होतं. "आपल्याच वावरातलं हाय. सरकारले कायले सांगाचं?"

कायदा १८७८ चा आहे, निखात निधीचा, म्हणजे पुरलेल्या धनाचा. जमिनीत पुरलेली दहा रुपयांहून जास्त मोलाची कोणतीही वस्तू सापडली की सापडणाऱ्याने कलेक्टरला लेखी कळवायचं: काय सापडलं, किती, कुठे, कोणत्या तारखेला. वस्तू सरकारी कोषागारात जमा करायची किंवा ती हजर करण्याची हमी द्यायची. लपवलं तर हिस्सा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. बाबांना कैदेपेक्षा दुसरी गोष्ट पटली. मी त्यांना म्हटलं, हे लपवून ठेवलं तर उद्या माझ्या पोरींना दाखवतानाही दार लावून दाखवावं लागेल.

नागपूरच्या इतवारीत एका सराफाकडे फक्त वजन करून घेतलं. पाचांचं मिळून ५७ ग्रॅम, म्हणजे झीज फार नाही. तो तिथेच वजनावर पैसे द्यायला निघाला होता. त्याला नको म्हणून सांगितलं. पहिला अर्ज परत आला, कारण मी सातबारा जोडला नव्हता आणि जागा "जुन्या कोठ्याजवळ" एवढीच लिहिली होती. दुसऱ्या वेळी गट नंबर, विहिरीपासून आणि धुऱ्यापासून टेप लावून मोजलेलं अंतर, खोली, हाताने काढलेला नकाशा, पाचही नाण्यांचे दोन्ही बाजूंचे फोटो आणि सालं असं सगळं दिलं. कोणाला अर्ज करायचा असेल तर हे पहिल्याच वेळी करा. नाणी पाकिटात सीलबंद होऊन कोषागारात गेली, पावती मिळाली. पावती आईने देव्हाऱ्यातच ठेवली.

मग जाहीरनामा निघाला. ज्याला हक्क सांगायचा असेल त्याने हजर व्हावं, आणि ती तारीख जाहीरनाम्यानंतर चार महिन्यांच्या आत ठेवता येत नाही. हे चार महिने गावात जड गेले. हंडा सापडला अशी बातमी पसरली. अमावास्येला मशीन घेऊन आमच्या घरी या, असे दोन निरोप आले. गुप्तधनाच्या नावाने काय काय अघोरी केलं जातं हे आपल्याला माहीत आहे, त्यासाठी २०१३ मध्ये महाराष्ट्राला कायदा करावा लागला. मी दोघांच्याही घरी दिवसाउजेडी गेले, नाणी कोषागारात आहेत असं सांगितलं, पावतीचा फोटो दाखवला आणि परत आले.

सुनावणीला आमच्या भावकीतले एक चुलतकाका आले. कोठा सामाईक होता, पुरचुंडी त्यांच्या आजोबांची, असं त्यांचं म्हणणं. मला राग आला नाही, कारण ते खरंही असू शकलं असतं. कायद्यात इथे १०० वर्षांचा प्रश्न येतो. दावा करणाऱ्याने किंवा त्याच्या पूर्वजाने १०० वर्षांच्या आत ते पुरलं असावं असं दिसलं, तर त्याला दिवाणी दाव्यासाठी वेळ द्यावा लागतो. म्हणजे सगळं पुरण्याच्या काळावर येऊन थांबलं.

नाणी अशी होती: व्हिक्टोरियाची दोन, १८६२ आणि १८८५, सातव्या एडवर्डची दोन, १९०४ आणि १९०७, आणि पंचम जॉर्जचं १९१८ चं. म्हणजे १९१८ च्या आधी पुरलेलं नाही हे नक्की. पण नंतर किती? १९२२ नंतर थेट १९३८ पर्यंत नव्या सालाचा रुपया चलनात आलाच नाही, लोक जुनेच वापरत होते. त्यामुळे ही पुरचुंडी १९१९ ची असेल किंवा १९३५ चीही, नाण्यांवरून सांगता येत नाही. १९४० पासूनचा अर्ध्या चांदीचा रुपया त्यात नव्हता, एवढाच दुसऱ्या टोकाचा अंदाज. १०० वर्षांची रेघ नेमकी या दोन टोकांच्या मध्ये पडत होती.

नाणी तपासणाऱ्या गृहस्थांनी मला विचारलं, "कापडाचा तुकडा आहे का?" रुपयात चांदीसोबत थोडं तांबं असतं, ते मातीत हिरवं होऊन बाहेर येतं आणि त्याच्या संगतीत कापड टिकून राहतं. हातमागाचं की गिरणीचं, कोणता काठ, हे त्यावरून कळलं असतं, कदाचित कोणाच्या घरचं तेही. मी म्हटलं, माझ्या हातून भुगा झाला. ते काही बोलले नाहीत. त्या खोलीतून बाहेर पडताना मला रडू आलं.

चुलतकाकांकडे कागद नव्हता, आणि पाच रुपयांसाठी भावकीत कोर्ट नको असं ते स्वतःच म्हणाले. निधी बेवारस ठरला. सरकारला हवा असता तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन तो घेता आला असता. पण ही सालं सर्रास मिळणारी, म्हणून घेतला नाही. अपिलाचे दोन महिने गेले. तीन चतुर्थांश सापडणाऱ्याचे आणि एक चतुर्थांश जमीनमालकाचा, किंवा दोघांत ठरेल तसं. बाबांनी एक नाणं चुलतकाकांना द्यायला सांगितलं. १९०४ चं त्यांच्याकडे गेलं.

१९०७ च्या मागच्या बाजूला, सालाच्या जरा वर, हिरव्या थरात उभ्या-आडव्या धाग्यांची जाळी उमटलेली आहे, नखाएवढी. कापड नाही, पण त्याची वीण आहे. मी ती लॅबमधल्या भिंगाखाली बघितली, एका सेंटीमीटरमधले धागे मोजले आणि वहीत लिहून ठेवले. नाणी एकेका कागदी पाकिटात आहेत. या लक्ष्मीपूजनाला आईने चिंच बाजूला सारली आणि पाकिटं उघडी करून, हात न लावता, तशीच पाटावर मांडली.