वांगावरचे मलम आणि त्यानंतरचे नऊ महिने

दुसऱ्या बाळंतपणानंतर माझ्या दोन्ही गालांवर तपकिरी डाग उमटले, तेव्हा सासूबाईंनी पाहताक्षणीच हा वांग असल्याचे सांगितले, आणि ते खरे निघाले. उपाय मात्र मी माझ्या मनाने केला. कांदिवलीत घराजवळच्या औषधांच्या दुकानात डाग दाखवले, दुकानदाराने एक ट्यूब दिली, आणि पंधरा दिवसांत चेहरा इतका उजळला की पुढचे सात महिने मी ती रोज रात्री लावत राहिले. ती बंद केली की दोनच दिवसांत गाल लालबुंद होत, आग होई, बारीक पुरळ येई. पुन्हा लावली की सारे शमे.

शेवटी दादरच्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी ती ट्यूब हातात घेऊन तिच्यावरचा मजकूर मला वाचून दाखवला: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. यातले शेवटचे स्टेरॉइड. ते महिनोन्‌महिने लावल्याने त्वचा पातळ होते आणि रक्तवाहिन्या रुंदावतात. भिंगातून पाहिल्यावर माझ्या गालांवर लाल रेषांचे जाळे स्पष्ट दिसत होते. अशी मलमे २०१८ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, आणि ट्यूबवर तसे बारीक अक्षरांत छापलेलेही होते. सात महिने रोज हाताळलेल्या वस्तूवरचा तो मजकूर मी एकदाही वाचला नव्हता, याचे मला फार वाईट वाटले.

मी लेझरचा आग्रह धरला, पण डॉक्टरांनी ठाम नकार दिला. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेला आधीच दाह असताना लेझर किंवा पील (आम्लाचे द्रावण लावून त्वचेचा वरचा थर काढणे) केले, तर त्या जागी आणखी काळे डाग पडण्याची भीती असते. म्हणून पहिले चार महिने सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर, दाहासाठी टॅक्रोलिमसचे मलम आणि सनस्क्रीन, इतकेच. सनस्क्रीनही आयर्न ऑक्साइड असलेले, किंचित रंगाचे, कारण वांग अतिनील किरणांप्रमाणे डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही गडद होतो. चेहरा आणि मान यांसाठी दोन बोटांवर मावेल इतके घ्यायचे आणि बाहेर असताना दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावायचे. ऐन पावसाळ्यातही यात सूट नव्हती. अतिनील किरणांचा मोठा भाग ढगांतून आणि काचेतूनही येतो. चर्चगेट लोकलमध्ये खिडकीची जागा मिळाली तरी मी ती घेईनाशी झाले.

पाचव्या महिन्यात ग्लायकोलिक ॲसिडचे पील सुरू झाले, दर तीन आठवड्यांनी एक, असे सहा वेळा. नाकपुड्यांच्या आणि ओठांच्या कडांना व्हॅसलीन लावून, डोळे ओल्या कापसाने झाकून, ब्रशने द्रावण लावले जाई. मुंग्या आल्यासारखी चुरचुर कपाळापासून सुरू होऊन गालांवर वाढत जाई, आणि सहायक ताई घड्याळ पाहत एकेक मिनिट मोठ्याने मोजत. पहिल्या वेळी दोनच मिनिटांत सोड्याच्या पाण्याने चेहरा धुतला, कारण डाव्या गालाचा लाली धरण्याचा वेग डॉक्टरांना पसंत नव्हता. नंतर दोन-तीन दिवस साल सुटे. ती ओढायची नाही, ही ताकीद मी अक्षरशः पाळली.

नवव्या महिन्यात पहिल्या दिवसाचा फोटो शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा लाली गेली होती आणि वांग बराच फिका झाला होता. तो पुरता जात नाही, उन्हाने किंवा संप्रेरकांच्या बदलाने परत येऊ शकतो, हे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितले होते. आता पील बंद आहेत, रात्री डाग फिके ठेवणारे ॲझेलेइक ॲसिडचे मलम चालू आहे, आणि सनस्क्रीनची एक ट्यूब घरात, एक ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये कायमची ठेवलेली आहे.