आजींच्या नावावरची लाल रेघ

20 नोव्हेंबर 2024, विधानसभेचं मतदान. जिल्हा परिषद शाळेच्या एका वर्गात केंद्र, मी केंद्राध्यक्ष. साडेअकराच्या सुमारास सुनेचा हात धरून एक आजी आल्या. हातात मतदार चिठ्ठी आणि रेशनकार्ड. पहिल्या मतदान अधिकाऱ्याने दोन्ही परत केलं. त्याचं बरोबर होतं. चिठ्ठी यादीतला क्रमांक सापडावा म्हणून असते, ओळखीसाठी ती चालत नाही. आणि मतदार ओळखपत्राऐवजी चालणाऱ्या 12 कागदपत्रांत रेशनकार्ड नाही. "फोटोवालं पासबुक असेल ना, बँकेचं किंवा पोस्टाचं?" मी सुनेला विचारलं. ती धावतच घरी गेली.

पासबुक आलं. अधिकाऱ्याने नाव पुकारलं आणि अडखळला. त्या नावावर आधीच लाल रेघ होती, म्हणजे त्या नावाने मत पडून गेलेलं.

आजींची डावी तर्जनी पाहिली. शाईचा ठिपकाही नाही. नोंदवहीत त्यांच्या क्रमांकापुढे सकाळीच कुणीतरी झोकात सही केलेली. आजी तर अंगठा उठवणाऱ्या! नावाचा घोळ की कुणाची लबाडी, कळायला मार्ग नव्हता. सकाळी त्या वेळी एखाद्या उमेदवाराच्या मतदान प्रतिनिधीने दोन रुपये भरून त्या माणसाच्या ओळखीवर आक्षेप घेतला असता, तर जागच्या जागी चौकशी करता आली असती. सगळे गप्प बसले. मला अजून त्याचा राग येतो.

"चला आत्या, झालं आता," सून म्हणाली.

"थांबा," मी म्हणालो. आपल्या नावावर दुसऱ्याने मत टाकलं म्हणून खऱ्या मतदाराला रिकाम्या हाताने परत पाठवता येत नाही. त्याला टेंडर व्होट, म्हणजे कागदी मतपत्रिकेवर वेगळं ठेवलं जाणारं मत, देता येतं. नवऱ्याचं नाव, घर, घरातली माणसं, सगळं विचारलं, यादीशी जुळलं. नमुना 17 ख वर, म्हणजे टेंडर मतांच्या यादीवर, अंगठा घेतला, बोटाला शाई लावली, मतपत्रिका आणि शिक्का हातात दिला.

"मशीन न्हाई व्हय?"

"नाही आजी. हे कागदावर. वेगळ्या पाकिटात ठेवतात."

"मोजत्यात न्हवं?"

खोटं बोलवेना. नेहमीच्या मोजणीत धरत नाहीत, प्रकरण कोर्टात गेलं आणि कोर्टाने सांगितलं तरच, असं सांगितलं. आजी क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. मग पदर सावरून कप्प्यामागे गेल्या. बराच वेळ लागला. घडी घातलेला कागद त्यांनी दोन्ही हातांनी माझ्याकडे दिला आणि पाकिटात जाईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.

संध्याकाळी साहित्य जमा करताना 20 पैकी 19 टेंडर मतपत्रिका मी कोऱ्या परत केल्या.