आरपीआर: थेंब, आठ मिनिटं आणि प्रोझोन

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर सिफिलिस या गुप्तरोगाच्या रक्ततपासणीसाठी 'व्हीडीआरएल' लिहिलेलं असतं, पण बऱ्याच लॅबमध्ये प्रत्यक्षात लावली जाते ती आरपीआर, त्याच आजाराची दुसरी टेस्ट. तत्त्व दोन्हींचं एकच. सिफिलिस झाला की कार्डिओलिपिन या चरबीसारख्या पदार्थाविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात, त्या पकडायच्या. व्हीडीआरएलला सीरम ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं तापवावं लागतं, अँटिजेन (ज्याला अँटिबॉडी चिकटतात ते द्रावण) रोज ताजं बनवावं लागतं, निकाल मायक्रोस्कोपखाली बघावा लागतो. आरपीआरच्या अँटिजेनमध्ये कोलीन क्लोराइड असतं, त्यामुळे सीरम तापवायची गरज नाही. आणि कोळशाची बारीक पूड असते, त्यामुळे गुठळ्या नुसत्या डोळ्यांनी दिसतात. टेस्ट सोपी आहे, म्हणूनच ती घाईत उरकली जाते.

किट फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायचं, गोठू द्यायचं नाही. लावण्याआधी अर्धा तास बाहेर काढून ठेवा. टेस्ट २३ ते २९ अंशांत चालते. एसी जोरात असलेल्या गार खोलीत रिअ‍ॅक्शन मंदावते आणि कमकुवत पॉझिटिव्ह सॅम्पल निसटतं. सीरम ५० मायक्रोलिटर घ्या आणि कार्डावरच्या १८ मिलिमीटरच्या वर्तुळात काठापर्यंत पसरवा. मग अँटिजेनचा एक थेंब सोडा. तो ढवळायचा नाही, मिसळायचं काम रोटेटर, म्हणजे कार्ड फिरवणारं मशीन, करतो.

सगळं गणित त्या थेंबावर आहे. २० गेजच्या सुईतून १ मिलिलिटरमध्ये ६० थेंब पडले पाहिजेत, फार तर दोन इकडे-तिकडे. बाटली तिरकी धरली की थेंबाचा आकार बदलतो, म्हणून ती सरळ उभी धरा. सुई तुंबली असेल तरी तेच होतं. नवी सुई लावली की थेंब मोजून बघा. एक-दोन मिनिटांचं काम आहे, पण फार थोडे जण करतात.

रोटेटर मिनिटाला १०० फेऱ्यांवर, ८ मिनिटं, वर ओलसर झाकण. झाकण विसरलं तर कडा सुकतात आणि कोळसा तिथे जमून खोट्या गुठळ्या दिसतात. मशीन थांबताच कार्ड उचला, हाताने तीन-चार वेळा हलकेच तिरकं करा आणि चांगल्या उजेडात वाचा. पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळे कण वेगळे झालेले दिसले, कितीही बारीक असले, तरी रिअ‍ॅक्टिव्ह, म्हणजे पॉझिटिव्ह. सगळीकडे सारखा राखाडी रंग म्हणजे नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह. शंका असेल तर त्याच खेपेला लावलेला कमकुवत कंट्रोल (आधीच माहीत असलेलं कमकुवत पॉझिटिव्ह सॅम्पल) शेजारी धरून बघा.

आता प्रोझोन. अँटिबॉडी अतोनात असल्या की अँटिजेनचे कण एकमेकांना जोडलेच जात नाहीत, आणि सर्वांत जास्त पॉझिटिव्ह सॅम्पल निगेटिव्ह दिसतं. दुसऱ्या टप्प्यातल्या सिफिलिसमध्ये हे होतं. गरोदर बाईच्या बाबतीत ही चूक सर्वांत महाग पडते, कारण तिला पेनिसिलिन मिळत नाही आणि बाळ जन्मतःच सिफिलिस घेऊन येऊ शकतं. म्हणून अंगावर पुरळ आहे, किंवा क्लिनिकल संशय दाट आहे, आणि साधं सीरम नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह आलं, तर डायल्युशन लावल्याशिवाय, म्हणजे सीरम पातळ करून टेस्ट केल्याशिवाय, रिपोर्ट सोडू नका.

डायल्युशन कार्डावरच होतं. दुसऱ्या ते पाचव्या वर्तुळात ५० मायक्रोलिटर ०.९ टक्के सलाईन. पहिल्या आणि दुसऱ्यात ५० मायक्रोलिटर सीरम. दुसऱ्यात बुडबुडे न येऊ देता मिसळून ५० पुढे न्या, पाचव्यातले शेवटचे ५० टाकून द्या. १:१६ पर्यंत मिळतं. पसरवताना सुरुवात सर्वांत पातळ डायल्युशनपासून करा.

नुसतं 'पॉझिटिव्ह' लिहिलेला रिपोर्ट डॉक्टरांच्या फारसा कामाचा नाही. टायटर लिहा, म्हणजे ज्या शेवटच्या डायल्युशनपर्यंत टेस्ट रिअ‍ॅक्टिव्ह येते तो आकडा. मलेरिया, कुष्ठरोग, ल्युपस, कधी कधी नुसतं गरोदरपण, यातही आरपीआर रिअ‍ॅक्टिव्ह येते. असे टायटर बहुधा १:८ च्या आतच असतात, पण कमी टायटर म्हणजे खोटं पॉझिटिव्ह असं नाही, जुना सिफिलिसही तसाच दिसतो. खरं-खोटं ठरवायला टीपीएचए लावायची, ती थेट सिफिलिसच्या जंतूविरुद्धच्या अँटिबॉडी शोधते. ती मात्र उपचारानंतरही बहुतेकांमध्ये आयुष्यभर पॉझिटिव्ह राहते, म्हणून औषध लागू पडलं का हे टायटरवरूनच कळतं. १:३२ वरून १:८ म्हणजे चौपट घट, ती खरी. १:३२ वरून १:१६ हा टेस्टचा नेहमीचा फरक असू शकतो. म्हणून रिपोर्टवर 'आरपीआर' असंच लिहा: व्हीडीआरएलचा टायटर आणि आरपीआरचा टायटर एकमेकांशी ताडता येत नाहीत, आणि पेशंट सहा महिन्यांनी तो कागद घेऊन परत येतो.