सहा आणे सोनं आणि पाठीवर दुसऱ्याचं नाव

जुनं सोन्याचं घड्याळ ऑनलाइन विकायला ठेवलेलं असतं तेव्हा पहिला फोटो नेहमी तबकडीचा असतो. मी विक्रेत्याकडे आधी मागचं झाकण उघडून आतल्या बाजूचा फोटो मागते. आमची कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, पेढी आहे, आणि हिशेब नि हॉलमार्किंगची ने-आण माझ्याकडे असते. दागिना हातात आला की शिक्का कुठं आहे ते आधी बघायचं, ही सवय लहानपणापासून अंगात मुरलेली. यंदा मी घेतलेलं ओमेगा मला या सवयीमुळेच सापडलं.

घड्याळ चावीचं आहे, रोज सकाळी चावी द्यावी लागते. ३४ मिलिमीटरचं, म्हणजे आजच्या पुरुषी घड्याळांपुढे लहान आणि माझ्या मनगटाला अगदी बेताचं. मोतिया रंगाची तबकडी, आकड्यांच्या जागी सोनेरी बारीक कांड्या, सहाच्या जागी सेकंदाचं छोटं वर्तुळ. तारीख नाही, अंधारात चमकणारं काही नाही. बॉडी नऊ कॅरेट सोन्याची.

या नऊ कॅरेटवरून घरात बरंच बोलणं झालं. आण्णांनी तोंडी हिशेब केला, "चोविसात नऊ म्हंजे रुपयात सहा आणे. सहा आणे सोनं आन् धा आणे तांबं-चांदी. त्याला सोनं कोण म्हणतंय?" साज, चिंचपेटी, पुतळ्यांची माळ यांत आयुष्य गेलेल्या माणसाचं हे म्हणणं मला पटतं. बावीसच्या खालचं सोनं आमच्याकडे मोडीत आलं तरच हातात धरायचं, अशी रीत. आपल्याकडे बीआयएसच्या, म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या, हॉलमार्कमध्ये नऊ कॅरेट आलं तेही २०२५ च्या जुलैत.

पण रोज हातावर वागवायच्या वस्तूचा विचार वेगळा करावा लागतो. बावीस कॅरेट मऊ. त्याची घड्याळाची बॉडी केली तर पट्टा अडकवायचे चार पाय टेबलावर आपटून आपटून गोल होतील. नऊ कॅरेट कडक असतं, कडा धरून ठेवतं. म्हणून सत्तर वर्षांपूर्वीच्या नऊ कॅरेटच्या घड्याळाच्या पायांना अजून धार दिसली तर ते कमी घासलं गेलंय असं समजायला जागा आहे. मुलाम्याच्या घड्याळात हेच पाय आधी उघडे पडतात आणि पिवळ्याखालचा धातू दिसायला लागतो. फोटोत पायांची टोकं जवळून दाखवायला विक्रेता टाळाटाळ करत असेल तर मी तिथंच थांबते.

आता शिक्क्याचं. ओमेगा स्विस, पण माझ्या घड्याळाची सोन्याची बॉडी इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमची आहे. त्या काळात तयार सोन्याचं घड्याळ बाहेरून आणलं तर इंग्लंडात कर जबर पडायचा, म्हणून मशीन स्वित्झर्लंडहून यायची आणि बॉडी तिथंच बनायची. हे काम करणाऱ्यांतलं मोठं नाव डेनिसन. मूळ पुरुष आरन लफकिन डेनिसन, अमेरिकेतल्या वॉल्थम घड्याळांच्या उभारणीतला माणूस, पुढे इंग्लंडात येऊन त्यानं घड्याळाच्या बॉड्यांचा कारखाना काढला. तो १८९५ मध्ये वारला, कारखाना १९६७ पर्यंत चालला, आणि त्याच्या आद्याक्षरांचा 'एएलडी' शिक्का झाकणाच्या आत शेवटपर्यंत पडत राहिला.

त्या शिक्क्याच्या शेजारी आणखी खुणा असतात. नऊ आणि .३७५, म्हणजे शुद्धता. जहाजाचा नांगर, म्हणजे बर्मिंगहॅमचं तपासणी केंद्र, जे १७७३ पासून चालू आहे. आण्णांनी भिंग लावून नांगर बघितला आणि लगेच विचारलं, "तिथं समुद्र हाय का?" नाही. समुद्र लांब आहे. केंद्र मिळावं म्हणून लंडनमध्ये ज्या खानावळीत बैठका झाल्या तिच्या नावात नांगर होता, असं सांगतात.

आणि सगळ्यात कामाचं म्हणजे सालाचं अक्षर. इंग्रजांच्या हॉलमार्कमध्ये दर वर्षी एक अक्षर बदलतं. स्विस अठरा कॅरेटच्या जुन्या बॉडीवर हेल्वेशियाचं, म्हणजे स्वित्झर्लंडचं प्रतीक असलेल्या स्त्रीचं, डोकं असतं, त्यावरून शुद्धता कळते, साल कळत नाही. इंग्रजी बॉडी स्वतःचं साल सांगते. आपल्या हॉलमार्कच्या दागिन्यांवरच्या एचयूआयडी या सहा अक्षरी क्रमांकाचा उपयोगही एका अर्थी तोच, वस्तू कुठून निघाली याचा माग. फरक इतकाच की एचयूआयडी वाचायला फोन लागतो, आणि तिथलं अक्षर वाचायला एक तक्ता पुरतो.

माझ्या घड्याळाचं अक्षर पन्नासच्या दशकाच्या अगदी शेवटचं निघालं. मशीनवरचा नंबर ओमेगाच्या तक्त्यात त्याच सुमाराला बसत होता. आणि तिसरा पुरावा बाहेरून, झाकणाच्या पाठीवर कोरलेला होता.

इंग्लंडमधली नऊ कॅरेटची कितीतरी घड्याळं कंपन्यांनी कामगारांना दिलेली असतात. नोकरीची पंचवीस वर्षं झाली, चाळीस झाली, की सोन्याचं घड्याळ आणि त्यावर नाव. माझ्या घड्याळाच्या पाठीवर एका माणसाचं नाव आहे, कारखान्याचं नाव आहे, पंचवीस वर्षांच्या सेवेचा उल्लेख आहे आणि १९६० साल आहे. नाव इथं लिहीत नाही, त्याची नातवंडं कुठंतरी असतील. अशा घड्याळांची किंमत कमी लागते. दुसऱ्याचं नाव हातावर नको म्हणून लोक सोडून देतात. काही विक्रेते तर नाव घासून काढतात आणि पाठ कोरी करून जास्त भावात विकतात.

मला ते नाव बघूनच घड्याळ घ्यावंसं वाटलं. आपल्याकडे जुन्या पितळी डब्यावर, परातीवर नाव घातलेलं असतं, कुणाच्या लग्नात कुणी दिलं, तारखेसकट. ती परात मोडीत निघाली तरी नाव वाचल्याशिवाय कुणी वजनकाट्यावर ठेवत नाही. आणि धंद्याच्या नजरेनं बघितलं तर हे कोरलेलं नाव म्हणजे पक्की हमी. नाव घासायचं तर पत्रा घासावा लागतो. सोन्याचा पत्रा आधीच पातळ, तो आणखी पातळ होतो, अंगठ्यानं दाबला तर लवतो. अक्षरं खोल आणि कडा स्वच्छ असतील तर त्या झाकणाला पॉलिशच्या चाकानं फारसं छळलेलं नाही. फोटो आमच्या शेजारच्या खोदकामवाल्या काकांना दाखवले. ते म्हणाले, "मशीनचं न्हवं, हातचं हाय. कलम वळताना बघ कसं उचललंय."

सालही नीट बसत होतं. बॉडीवरचं अक्षर आधीचं, कोरलेलं साल नंतरचं. उलट असतं, म्हणजे भेट १९६० ची आणि बॉडी १९६३ ची, तर दोन घड्याळांची जुळवाजुळव केलेली आहे असं उघड झालं असतं.

तबकडीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण आपल्याकडे फसगत तिथंच जास्त होते. जुन्या तबकड्या पुन्हा रंगवून नव्या करण्याचं काम आपल्या देशात इतकं चालतं की परदेशातले शौकीन त्या भडक घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात. मूळ तबकडीची छपाई भिंगाखाली बारीक आणि ठाशीव दिसते. पुन्हा रंगवलेलीत अक्षरं जाड होतात, तळाचं 'स्विस मेड' सरकतं किंवा नाहीसंच होतं, सेकंदाच्या वर्तुळातल्या रेघा कडेपर्यंत पोचत नाहीत. आणि अशा वयाच्या तबकडीवर एकही डाग नसेल तर मला आनंद होत नाही, शंका येते. माझ्या तबकडीवर तीनच्या बाजूला एक फिकट तपकिरी ठिपका आहे. तो विक्रेत्यानं स्वतःहून दाखवला होता.

आधी एका दुसऱ्या विक्रेत्याकडचं ओमेगा आवडलं होतं. फोटो सुंदर, भाव कमी. झाकण उघडायला सांगितलं तर 'अलीकडेच सर्व्हिस झालंय, उघडायची गरज नाही' असं उत्तर आलं. मी विषय संपवला. ज्याच्याकडून घेतलं तो इंग्लंडमधला जुना व्यापारी, त्यानं दुसऱ्याच दिवशी झाकणाची आतली बाजू, मशीन, चावीचं टोक, पायांच्या कडा, आणि काचेच्या मधोमध कोरलेलं ओमेगाचं इवलंसं चिन्ह, सगळं पाठवलं. मूळ ओमेगाच्या प्लास्टिक काचेत हे चिन्ह असतं. काच बदलली गेली असेल तर ते दिसत नाही, आणि तसं असलं तरी बिघडत नाही, फक्त व्यापाऱ्यानं ते सांगितलं पाहिजे.

'चौदा दिवसांत परत' हे वाक्य तिथल्या व्यापाऱ्यांच्या पानावर असतं. कोल्हापुरातून त्याचा उपयोग शून्य धरावा. पार्सल कस्टम्समधून सोडवताना ड्यूटी भरलेली असते, परत पाठवताना विमा नि कागदपत्रांचा व्याप, आणि भरलेली ड्यूटी मिळवायला वेगळी खटपट. म्हणून सगळी पारख पैसे पाठवायच्या आधी. सोन्याची बॉडी असलेलं घड्याळ कस्टम्सच्या ९१०१ या शीर्षकात येतं, ड्यूटी घड्याळाच्या किमतीवर, वाहतुकीवर आणि विम्यावर मिळून बसते, आणि ड्यूटीसकट सगळ्या रकमेवर पुन्हा जीएसटी. कुरिअर कंपनी ओळखीचे कागद मागते. बिलात किंमत कमी दाखवा, 'भेटवस्तू' लिहा, असे सल्ले मिळाले. मी पूर्ण किंमत लिहायला सांगितली. खोट्या किमतीवर विमाही खोट्याच रकमेचा निघतो, आणि आमच्या धंद्यात खोटं बिल ही गोष्ट घरात चालत नाही.

एक गोष्ट मात्र आवर्जून कळवली होती, पट्टा काढून पाठवा. जुन्या भारी घड्याळांना बहुधा मगरीच्या कातड्याचा पट्टा असतो, आणि मगरीचं कातडं देशाबाहेर जाताना वन्यजीव कराराचा परवाना लागतो. पट्ट्यापायी घड्याळ अडकून पडायचं.

पट्टा चप्पल लाईनमध्ये करून घेतला. कोल्हापुरी चपलेचं कातडं हिरडा नि बाभळीची साल वापरून कमावलेलं, जाड आणि ताठ, ते इतक्या पातळ घड्याळाला चालत नाही. कारागिरांनी ते तासून तासून पातळ केलं आणि आतून बकऱ्याचं मऊ कातडं लावलं. सुरुवातीला ते तयारच नव्हते, "ताई, हे आमचं काम न्हाई." घड्याळ हातात घेऊन वजन बघितलं आणि मग मोजमापं स्वतःच घेतली.

पेढीवर घड्याळ आल्यावर आण्णांनी कसोटीचा दगड काढला. मी तो त्यांच्या हातून घेतला, कारण कस लावायचा म्हणजे ओरखडा आलाच. हॉलमार्किंग सेंटरमध्ये एक्स-रेच्या मशीनवर ठेवलं. सोनं साडेसदतीस टक्क्यांच्या आसपास निघालं, उरलेलं बहुतेक चांदी नि तांबं. आण्णांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "सहा आणे म्हणलेत आन् सहा आणेच दिलेत." त्यांच्या तोंडून याहून मोठी पावती मी ऐकलेली नाही.

मशीन बघायला भाऊसिंगजी रोडवरच्या घड्याळवाल्या काकांकडे गेले. डोळ्याला भिंग लावलं आणि तांबूस रंग दिसताच ते बोलायचे थांबले. ही ओमेगाची ३० मिलिमीटरच्या मशीनची जात, १९३९ मध्ये सुरू झालेली आणि साठच्या दशकापर्यंत चाललेली. माझं २६७ नंबरचं, सतरा ज्वेलचं, म्हणजे झीज कमी करणाऱ्या सतरा खड्यांचं, सेकंदाला पाच ठोके. रचना मोकळी आणि भाग दणकट, त्यामुळे दुरुस्त करणाऱ्याला आवडणारं. काका म्हणाले, "असली मशीन उघडायला मजा येती. सगळं कसं जिथल्या तिथं." तेल वाळलं होतं, तेवढं साफ करून पुन्हा घातलं. मुख्य स्प्रिंग चांगली होती. आता दिवसाला काही सेकंद पुढं जातं, तेवढं मला चालतं.

पावसाळ्यात घालत नाही. झाकण नुसतं दाबून बसवायचं आहे, रबर नाही, आणि जुलैत कोल्हापूरच्या हवेत कपाटातल्या पुस्तकांनाही बुरशी धरते. जूनच्या सुरुवातीला ते सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात जातं आणि नवरात्राच्या आसपास बाहेर येतं.

भेटायला येणारा प्रत्येक जण झाकणावरचे ओरखडे बघून एकच सुचवतो, की गुजरीत बसलाय, चाकावर धरा, पाच मिनिटांत आरसा होईल. होईलही. पण पहिल्या पॉलिशला अक्षरांच्या कडा जातील, दुसऱ्याला पायांची धार. पेढीवरच्या पोरांना मी सांगून ठेवलंय की हे घड्याळ पॉलिशच्या खोलीत न्यायचं नाही, आणि मागच्या आठवड्यात एक गिऱ्हाईक तेच सुचवत होतं तेव्हा मी बोलायच्या आत आण्णाच म्हणाले, "त्याच्यावर नाव हाय ओ. त्ये घासायचं नसतंय."