पुढील स्टेशन घणसोली

आमची ठमी गाडी चालू असताना रडत नाही, गाडी थांबली की रडते. एवढीशी गोष्ट, पण ही कळायला आम्हाला दीडेक महिना लागला आणि तोपर्यंत दृष्ट काढून झाली, गुटी उगाळून झाली, एसी कमी करून झाला, वाढवून झाला, गाडीतला परफ्यूम फेकून झाला, आणि नवऱ्याने तर सर्व्हिस सेंटरला गाडी नेऊन सस्पेन्शन पण चेक करून घेतलं.

खरं नाव ठमी नाहीये अर्थातच, पण आठ महिन्यांच्या बाईला इतका ठसका असेल तर दुसरं काय म्हणणार. आम्ही राहतो ठाण्यात वाघबीळ नाक्याजवळ आणि माझं माहेर नवी मुंबईत नेरूळ, म्हणजे दर दुसऱ्या रविवारी घोडबंदर रोड, कापूरबावडी, माजिवडा, मग हायवेने मुलुंड आणि तिथून ऐरोलीचा पूल. आता ज्याला घोडबंदर रोड माहितीये त्याला पुढचं सांगायला नको. मेट्रोचे खांब, कंटेनर, मधूनच यू टर्न मारणारी रिक्षा, आणि आपली गाडी दहा पावलं पुढे जाऊन परत थांबलेली. गाडी हलली की ठमी गप्प, ब्रेक लागला की आधी खालचा ओठ बाहेर येतो, मग हुंहुं, आणि सिग्नलचा आकडा नव्वदवर असेल तर सत्तरपर्यंत भोकाड. नवरा म्हणतो गूगल मॅपची लाल रेष बघायची गरजच नाही, मागून आवाज येतो तेवढ्यावर कळतं कापूरबावडीला काय परिस्थिती आहे.

आणि मग गाडी फ्लायओव्हरवर चढली, किंवा ऐरोलीच्या पुलावर तिने जरा स्पीड घेतला, खाडीवरचा वारा काचेवर सूं करायला लागला, की बाईसाहेब एकदम समाधी. पाम बीच रोडवर तर मी दोनदा वाकून बघितलंय की ही श्वास घेतेय ना.

यामागे काहीतरी शास्त्र असणार म्हणून रात्री दूध पाजताना एका हाताने मोबाईलवर शोधत बसायचे. तर जपानमध्ये राइकेन म्हणून संस्था आहे, तिथल्या लोकांनी २०२२ मध्ये २१ बाळांवर हे करून बघितलंय. रडणाऱ्या बाळाला आईने उचलून ५ मिनिटं एका लयीत चालायचं, बाळ शांत होतं, हृदयाचे ठोके पण खाली येतात, आणि जवळजवळ निम्मी बाळं तर झोपूनच गेली. फक्त चालताना मध्येच थांबायचं नाही आणि झटकन वळायचं नाही. हे मी नवऱ्याला वाचून दाखवलं तेव्हा आम्ही माजिवड्याला उभे होतो. तो म्हणाला, जपानी लोकांना म्हणावं एकदा शनिवारी संध्याकाळी घोडबंदरला या.

गाडीत खरं भांडण होतं ते वेगळ्याच गोष्टीवर. कार सीट. सासूबाई बरोबर असल्या की पहिल्या सिग्नललाच सुरू होतं, "अगं काढ तिला त्या पिंजऱ्यातनं, मांडीवर घे, आम्ही काय पोरं वाढवली न्हाईत व्हय?" त्या सांगलीच्या, त्यांनी माझ्या नवऱ्याला एसटीने मांडीवर घेऊन सांगली-मुंबई केलेलं आहे, आणि पोर समोर टाहो फोडतंय आणि आई शेजारी बसून नुसती थोपटतेय हे त्यांना बघवत नाही. मला तरी कुठे बघवतं. छातीत दूध दाटून येतं, हात आपोआप त्या बकलकडे जातो. पण गणित असं आहे की ५० च्या स्पीडला गाडी कशावर आदळली तर ७ किलोचं बाळ त्या क्षणाला दीडशे-दोनशे किलोचं असल्यासारखं पुढे फेकलं जातं, कितीही घट्ट धरलेलं असू दे. कोणत्या आईच्या हातात एवढा जोर आहे? बरं कायदाही आहे, २०१९ च्या दुरुस्तीपासून १४ वर्षांखालचं मूल बेल्टशिवाय किंवा चाइल्ड सीटशिवाय असेल तर १००० रुपये दंड. मी कधी कोणाची पावती फाटलेली बघितली नाहीये ते सोडा. म्हणून आमच्याकडे नियम एकच, गाडी चालू असताना पट्टा सुटणार नाही, फारच झालं तर बाजूला घेऊन नीट थांबायचं, बाहेर काढायचं, पाजायचं, ढेकर काढायची, लंगोट बघायचा आणि परत बसवायचं. ऐरोलीच्या पुलावर थांबता येत नाही, तिथे फक्त देवाचं नाव. नवऱ्याने मध्ये आयडिया काढली होती की सीट पुढे त्याच्या शेजारी लावूया, म्हणजे त्याला दिसेल तरी. पण उलट्या तोंडाच्या सीटसमोर एअरबॅग उघडली तर ती सरळ बाळाच्या डोक्यामागेच बसते, त्यामुळे ते नाहीच.

उलट्या तोंडाची म्हणजे ठमीला दिसतं काय, तर मागच्या सीटची राखाडी पाठ. बास. आपल्याला कोणी दीड तास भिंतीकडे तोंड करून बसवलं तर आपण पण ओरडू.

पण सगळंच रडणं ट्रॅफिकचं नसतं हे पण शिकले, आणि ते मे महिन्यात. नेरूळला गाडी दोन तास उन्हात उभी होती. निघताना तिला बसवलं, बकल लावलं आणि ती अशी किंचाळली की वॉचमन धावत आला. आमचं आपलं नेहमीचंच, गाडी हलली की थांबेल. जुईनगरपर्यंत थांबली नाही. गाडी बाजूला घेऊन पट्टा सोडला तर मांडीवर बकलच्या कडेचा लालभडक ठसा, रुपयाच्या नाण्याएवढा. लोखंड तापलेलं आणि मी हातसुद्धा लावून बघितला नव्हता. त्या दिवशी गाडीत मीच जास्त रडले. आता उन्हातून गाडी काढायची असेल तर सीटवर आधी ओलं दुपटं टाकून ठेवते, एसी पाच मिनिटं आधी लावते, आणि बकल आधी माझ्या मनगटाला लावून बघते. आणि तिची पाठ. त्या सीटच्या खोबणीत बाळाची पाठ घामाने थबथबते हे वरून कळतच नाही, चेहरा आपला थंडगार. त्यात सासूबाई मायेने पाठीखाली गोधडी सरकवायच्या, त्यामुळे उकडायचं ते उकडायचं आणि पट्टाही सैल पडायचा. आता गोधडी मिळते, पण पट्टा लावून झाल्यावर आणि पांघरायला.

डॉक्टरांना विचारलं होतं, गाडी लागत असेल का हिला? त्या हसल्या, म्हणाल्या दोन वर्षांच्या आत सहसा गाडी लागत नाही, तिला कंटाळा येतो, तुम्हाला येत नाही का?

तर कंटाळ्यावरचे उपाय. खुळखुळा दोन सिग्नल चालतो. मोबाईलवरचा शूंऽऽ आवाज माजिवड्यापर्यंत चालायचा पण त्याने नवऱ्यालाच झोप यायला लागली. अंगाई मला एकच येते आणि तीही अर्धी. एकदा असेच ऐरोलीच्या आधी अडकलो होतो, समोर ट्रेलर, मागे ट्रेलर, ठमी लालबुंद, आणि माझं डोकं इतकं बधिर झालं की तोंडातून आपोआप निघालं, "पुढील स्टेशन, ऐरोली. अगला स्टेशन, ऐरोली. नेक्स्ट स्टेशन, ऐरोली."

ठमी थांबली. खालचा ओठ तसाच बाहेर, पण थांबली.

मी कॉलेजची पाच वर्षं नेरूळ-ठाणे ट्रान्स हार्बर लोकलने केलीयेत, ती अनाउन्समेंट माझ्या हाडात बसलीये, त्या बाईचा आवाज, तो मधला पॉज, स्टेशनच्या नावावर किंचित खाली येणारा सूर. मग काय, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, जुईनगर, नेरूळ, प्रत्येक स्टेशन तीन भाषांत. गाडी तसूभर हलत नव्हती आणि ठमी मात्र नेरूळला पोचायच्या आत झोपलेली. परत येताना उलटं, नेरूळहून ठाण्याकडे, पण ऐरोलीनंतर मी ठाणे म्हटलं की नवरा पुढून ओरडतो, "दिघा गाव राहिलं!" माझ्या वेळी कुठे होतं दिघा गाव, ते २०२४ ला सुरू झालं, माझी लोकल ऐरोलीहून थेट ठाण्याला जायची. मध्ये दिघा घातलं की माझा सूर चुकतो आणि ठमी एक डोळा उघडते.

सासूबाईंना हा सगळा प्रकार अगदी येडेपणा वाटतो. "पोरीला देवाचं काय ऐकवा, लोकलची स्टेशनं काय?" असं चारचौघांत बोलून झालंय.

परवा दुपारी मी आंघोळीला गेले होते, ठमी त्यांच्याकडे झोळीत. बाहेर आले तर घरात चिडीचूप, म्हणून दबक्या पावलांनी डोकावले. सासूबाई झोळीची दोरी ओढत होत्या, डोळे मिटलेले, आणि थेट त्या बाईच्या सुरात, "पुढील स्टेशन, पेठ नाका. अगला स्टेशन, पेठ नाका." इंग्लिश त्यांनी गाळलं होतं. मग इस्लामपूर झालं, मग आष्टा. आष्ट्यालाच ठमीचं तोंड उघडं पडलं होतं, मूठ सैल, गाढ. सासूबाई तरी सांगलीपर्यंत जाऊनच थांबल्या.