आकडा आला का?

माझ्या लेकीला सहाव्या वर्षी टाइप १ डायबेटिस निघाला. पहिली दोन वर्षं मी रात्री एक आणि चारचा गजर लावून रक्तातली शुगर बघायला तिचं बोट टोचत असे. ती झोपेतच बोट पुढे करायची. ते बघवायचं नाही.

मग दंडाला चिकटवायचा सेन्सर घेतला. चौदा दिवस चालतो, पण आम्हाला मिळाला तो मोबाइल टेकवला तरच आकडा सांगायचा. झोपेत शुगर उतरली तरी गप्प. म्हणजे माझे गजर होते तसेच. शेवटी ओळखीतल्या एका टाइप १ मुलाच्या बाबांनी उपाय दाखवला. सेन्सरवर ब्लूटूथची एक छोटी डबी बसवायची. ती दर पाच मिनिटांनी आकडा फोनमधल्या एक्सड्रिप प्लस या ॲपला देते, ॲप तो इंटरनेटवर, नाइटस्काउट या आमच्या साइटवर चढवतं, आणि मी ऑफिसात व्हाउचर तपासता तपासता लेकीची शुगर बघते. चढतेय की उतरतेय, त्या बाणासकट. ५५च्या खाली गेली की माझा फोन बोंबलतो.

ही दोन्ही मुक्त सॉफ्टवेअर, म्हणजे कोड सगळ्यांना खुला. मुलगा शाळेत असताना त्याची शुगर आपल्याला ऑफिसातून दिसावी म्हणून अमेरिकेतल्या एका इंजिनिअर बाबांनी २०१३च्या सुमारास खटपट केली, नाइटस्काउटचं मूळ त्यात आहे. ‘वुई आर नॉट वेटिंग’ हे या लोकांचं घोषवाक्य. कंपन्या देतील तेव्हा देतील, आम्ही थांबणार नाही. पैसे पडत नाहीत, पण घरी येऊन बसवून द्यायलाही कोणी येत नाही. कोडची आपली प्रत काढायची, आपली साइट आपणच उभी करायची. मी बी.कॉम. दोन रविवार गेले, पण झालं.

दीड वर्ष सुरळीत गेलं. २०२२च्या ऑगस्टमध्ये ईमेल आला: ज्या कंपनीच्या सर्व्हरवर आमची साइट फुकट चालत होती, तिची फुकट योजना २८ नोव्हेंबरपासून बंद. आता साइट हलवायची कुठे? एक्सड्रिपवर काम करणाऱ्यांपैकीच कोणीतरी गूगल क्लाउडच्या फुकट मशीनवर नाइटस्काउट बसवायची पद्धत पायरी-पायरीने लिहून ठेवली होती. दिवाळीच्या सुट्टीत फराळाचं आटोपून बसले. नोंदणीसाठीचं कार्ड दोनदा नाकारलं गेलं, तिसऱ्यांदा नवऱ्याचं चाललं. काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळी सरकत होत्या आणि मी श्वास रोखून त्यांच्याकडे बघत होते.

साइट उघडली. पण आकडा येईना. डबी ठीक, ॲपमध्ये १४२ दिसतंय, साइटवर मात्र नुसत्या रेघा. रात्री साडेअकरापर्यंत डोकं लावलं. चूक माझीच निघाली. ॲपमध्ये साइटचा पत्ता भरताना आधी पासवर्ड येतो, मग @ हे चिन्ह, मग साइटचं नाव. मी शहाणपणा करून पासवर्डमध्येच एक @ घातलं होतं! ॲपला कळेना, पासवर्ड संपतो कुठे. पासवर्ड नुसत्या अक्षरांचा आणि आकड्यांचा केला आणि पाच मिनिटांत पहिला ठिपका उमटला.

त्या रात्री झोप मात्र आली नाही. ती पद्धत कोणी लिहिलीच नसती तर? उठून एक्सड्रिपच्या कोडमधल्या बदलांच्या नोंदी चाळल्या. तारखा बदलत होत्या, नावं फिरून फिरून तीच, मोजकी. नवं अँड्रॉइड आलं, नवा सेन्सर आला, की यांनी वेळ काढायचा. यातलं कोणी माझं काही लागत नाही. मी गिऱ्हाईक नाही, तेव्हा तक्रार तरी कुठल्या तोंडाने करणार? नवरा म्हणाला, “अगं, कोड खुला आहे, कोणीही पुढे चालवेल.” म्हटलं, “तू चालवशील?” तो कूस बदलून झोपला.

आणखी एक कबुली. वैद्यकीय निर्णयासाठी वापरू नका, असा इशारा एक्सड्रिप सुरुवातीलाच देतं. मी न वाचता ‘मान्य’ दाबलं होतं आणि वर्षभर त्याच आकड्यावर बेधडक इन्सुलिनचा डोस ठरवत होते. पुढच्या तपासणीला डॉक्टर मॅडमना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. आलेख छान आहे म्हणाल्या, पण आकडा पटला नाही किंवा लक्षणांशी जुळला नाही, तर बोट टोचल्याशिवाय डोस द्यायचा नाही.

तेव्हापासून घरात बोट टोचून शुगर तपासायच्या पट्ट्यांची एक जादा डबी असते आणि दर दोन महिन्यांनी मी त्यावरची तारीख बघते. साइटचा पासवर्ड, पत्ता, कुठे काय दाबायचं, हे सगळं वहीत मराठीतून लिहून काढलंय. वही फ्रीजवर. लेकीने मागच्या पानावर मिशीवाला सर्व्हर काढलाय.

गेल्या आठवड्यात तीनला गजर झाला. ५४, बाण खाली. उठून बोट टोचलं तर ७१. ती त्याच कुशीवर झोपली होती, दंड अंगाखाली. सेन्सर दाबला गेला की आकडा खोटाच खाली जातो, हे आता माहीत झालंय. तरी दोन घोट साखरपाणी पाजलं, तिला वळवलं, आणि पुढच्या ठिपक्याची वाट बघत बसले. तीन वाजून बारा मिनिटांनी आला. ७८. “आई, आकडा आला का?” तिने डोळे न उघडताच विचारलं.