फार्मास्युटिक्स का निवडले?

एम.फार्म. या औषधनिर्माणशास्त्रातील पदव्युत्तर पदवीसाठी मी फार्मास्युटिक्स, म्हणजे औषधाला वापरण्याजोगे रूप देण्याची शाखा निवडली, कारण औषधाचा रेणू कितीही गुणकारी असला तरी त्याची गोळी, मलम किंवा इंजेक्शन नीट घडल्याशिवाय तो रुग्णाच्या कामी येत नाही. जीपॅट ही एम.फार्म. प्रवेशाची राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण होऊन प्रवेश घेणाऱ्या पात्र विद्यार्थ्याला दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते. कोरडवाहू कापसावर चालणाऱ्या आमच्या घरासाठी हा आधार फार मोठा आहे. दुसरे वर्ष प्रामुख्याने संशोधनाचे असते. औषधाची दीर्घकालीन स्थिरता, म्हणजे ते न बिघडता किती काळ टिकते हे, आपल्याकडे साधारणतः ३० अंश सेल्सिअसला तपासले जाते, पण यवतमाळच्या खेड्यांत मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो आणि टिनाच्या छताखाली गोळ्यांची पाकिटे फळीवर तशीच पडून राहतात. माझ्या प्रबंधाचा विषय मला याच फळीवरून निवडायचा आहे.